व्रत आणि वेतन



मालकाशी पगारासाठी भांडण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने पगार स्वतःकडे न ठेवणाऱ्या कॅथलिक धर्मभगिनींवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटले असेल. मला त्यांच्याविषयी कुतूहल आहे ते नेमके याच कारणाने.

उदाहरण मुंबईचेच घेऊ. अंधेरीला सेंट कॅथरिन होम हे अनाथ मुलांचे घर आहे. ते चालवणाऱ्या ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाची स्थापना १८३३ मध्ये बेल्जियममधल्या लीएज शहरी जान हाझ या बाईंनी केली. लीएज म्हणजे कोळशाचे आणि लोखंडाचे गाव. तिथे या भगिनी तुरुंगातल्या स्त्रियांतही काम करीत. त्याच संघातल्या जर्मन सिस्टर अ‍ॅना ह्यूबर्टा रोगेनडॉर्फ यांनी १९४२ मध्ये अंधेरीला ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा नवा संघ काढला. साल पाहा. इकडे ‘चले जाव’, तिकडे महायुद्ध, आणि ही जर्मन बाई इंग्रजांच्या मुलखात टाकलेली पोरे सांभाळीत होती! पुढे जर्मनीत बॉन शहरच्या रोझी गोलमान या शिक्षिकेने या मुलांसाठी मदत गोळा करायला सुरुवात केली. १९६७ मध्ये तिची रीतसर संस्था झाली. तिचे नाव ‘अंधेरी-हिल्फे’, म्हणजे अंधेरी-मदत. लोकलच्या पाटीवरचे आपले नाव असे जर्मन झाले.

हेल्पर्स ऑफ मेरी कुष्ठरुग्णांतही गेल्या. वर्सोव्याचे विमला केंद्र त्यांचेच. मला थांबून विचार करावा लागतो तो इथे. आपल्या सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांनी पाने उचलायची नाहीत असे ठरवले, तर चार दिवसांत कारखानदाराला बोलणी करावी लागतात. रस्त्याकडेला बसलेल्या कुष्ठरुग्णाने संप केला तर कोणाचे काय अडते? त्याला मालकच नाही. उकिरड्यावर टाकलेल्या पोरीला नाही. आमच्या युनियनच्या वहीत अशांचे खाते नसते, आणि आमची सभा संपली की आम्ही घरी जातो. या बायका तिथेच राहतात. धर्मांतराची शंका घेणारे घेतात. मी त्यांना एवढेच विचारतो, की ती जखम धुवायला तुमच्यातले कितीजण गेले होते? बाबा आमट्यांसारखे गेले, पण ते थोडे.

आता दुसरी बाजू. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी यांची तीन व्रते. सिस्टर शाळेत पगार मिळवते, तो संघाच्या एका पेटीत जातो. म्हणून त्यावर प्राप्तिकर कापू नये, असे म्हणणे सुप्रीम कोर्टापुढे गेले. २०२४ मध्ये कोर्टाने ते मानले नाही. कायद्याला व्रत दिसत नाही, पगारपत्रक दिसते. माझ्या मते ते बरोबरच झाले.

कारण त्याच दवाखान्यात, त्याच शाळेत व्रत न घेतलेली माणसेही राबतात. आया, झाडूवाली, नर्स. त्यांच्या घरी चूल आहे, भाडे आहे. ‘ही सेवा आहे, पैशाकडे पाहू नका’ हे वाक्य त्यांना सर्वच धर्मांच्या संस्थांत ऐकावे लागते. १९७८ मध्ये बेंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा भेद नीट ओळखला होता. ध्येयाच्या ओढीने बिनपगारी राबणाऱ्यांचा आश्रम हा उद्योग नव्हे. पण पगारी नोकर ठेवून काम चालत असेल, तर धर्मादाय नावाने सुटका नाही. संसदेने २०२० मध्ये केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत मात्र पूर्णतः वा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था उद्योगाच्या व्याख्येतूनच वगळल्या. सिस्टरने स्वखुशीने घेतलेले व्रत असे आयेच्या गळ्यात बांधले गेले, तेही तिला न विचारता.

हे कलम बदलावे म्हणून आम्ही अर्ज केला आहे. त्यावर पहिली सही एखाद्या सिस्टरची असावी, अशी माझी इच्छा आहे. तिचा शब्द आमच्यापेक्षा जड पडेल. अर्जाची प्रत बाहेर मेजावर ठेवली आहे.