शौचकूप कोणी बांधावा?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या निधींतून कांहीं तरी टिकाऊ कार्य व्हावें अशी आपणां सर्वांची इच्छा आहे. महोत्सव समितीनें आमच्यापुढें एक सूचना ठेविली आहे. आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबें नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतां ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यांतील, गांवांतून पुण्यास आलीं. त्या गांवीं अजून ज्या घरीं शौचकूप नाहीं, किंवा असून मोडला आहे, त्या घरीं तो आपल्या खर्चानें बांधून द्यावा आणि भिंतीवर धर्मग्रामाच्या नांवाची फरशी बसवावी, अशी ती सूचना होय. सूचना करणारांचें मन मोठें आहे यांत शंका नाहीं. ज्यांच्या आया-बहिणींनीं दिवसभर अंधार पडण्याची वाट पाहिली, त्यांनाच हें दुःख ठाऊक. हा विषय अशा सभेस ओंगळ आहे असें कोणास वाटल्यास त्यांनीं अनुवाद ग्रंथाचा तेविसावा अध्याय काढून पाहावा. इस्राएल लोकांच्या छावणींत प्रत्येकानें खणण्याचें हत्यार जवळ बाळगावें आणि आपली घाण आपणच मातीखालीं झांकावी, असा तेथें नियमच घालून दिला आहे. तेव्हां विषयाबद्दल आमची हरकत नाहीं. आम्हांस बोलावयाचें आहे तें 'बांधून द्यावा' या दोन शब्दांविषयीं.

बांधून देण्याचा प्रयोग महाराष्ट्रानें लहानसहान केलेला नाहीं. १९९७ ते २००० या काळांत सरकारनें अनुदान देऊन खेडोपाडीं लाखों शौचकूप उभे केले. पुढें पाहणी झाली तेव्हां त्यांतील मोठा भाग वापरांतच नसल्याचें दिसून आलें. कोठें गोवऱ्या रचल्या होत्या, कोठें सरपण. घरधन्याच्या लेखीं ती वस्तु सरकारची होती, आणि सरकारच्या वस्तूंत सरपण ठेवावयास कोणास संकोच वाटतो? आपली फरशी भिंतीवर बसली म्हणजे ती वस्तु धर्मग्रामाची होईल, एवढाच फरक.

आतां आपल्या जवळचें उदाहरण घ्या. देहू गांव पुण्याहून फार दूर नाहीं. तेथें १९६० च्या सुमारास डॉ. सुहास मापुसकर नांवाचे तरुण डॉक्टर सरकारी दवाखान्यांत आले. एवढें मोठें तीर्थक्षेत्र, परंतु लोक उघड्यावर जात. औषधानें हगवण थांबे आणि पाण्यावाटे पुन्हां येई. डॉक्टरांनीं पुढाकार घेऊन कांहीं शौचकूप बांधविले, ते पावसाळ्यांत ढांसळले. दुसरा कोणी असता तर बदलीचा अर्ज करून मोकळा झाला असता. मापुसकर देहूसच राहिले. त्यांनीं रचनेचा अभ्यास केला, कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं केलेले प्रयोग समजून घेतले, आणि गांवच्याच मंडळींना बरोबर घेऊन वर्षानुवर्षें घरोघर हें काम चालविलें. पुढें मैल्यापासून गॅस करण्याच्या संयंत्रांतही त्यांनीं सुधारणा केल्या. २०१७ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका गांवाची संवय बदलण्यास एका माणसाचा बहुतेक जन्म लागला, हें समितीनें ध्यानांत घ्यावें. फरशी बसविण्यास एक दिवस पुरतो.

अप्पासाहेब पटवर्धनांचें नांव आलें आहे तर त्यांची एक हकीकत सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं, कारण तिचा शेवट आपल्या येरवड्यास झाला. १९३२ सालीं ते रत्नागिरीच्या तुरुंगांत राजबंदी होते. त्यांनीं मैलासफाईचें काम मागितलें. तें काम ठराविक जातीच्या कैद्यांनींच करावयाचें असा तुरुंगाचा शिरस्ता, म्हणून तें त्यांस नाकारण्यांत आलें. अप्पासाहेबांनीं अन्न कमी केलें, आणि त्या डिसेंबरांत त्यांच्या पाठिंब्यासाठीं गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत उपवास आरंभिला. सरकारनें विचार करण्याचें आश्वासन दिलें, तेव्हां तो सुटला. सुटकेनंतर अप्पासाहेबांनीं कणकवलीस गोपुरी आश्रम काढून अशा शौचकूपांचे प्रयोग केले कीं, ज्यांत मैल्याचें खत व्हावें आणि कोणाही मनुष्याच्या डोक्यावर दुसऱ्याची घाण येऊं नये.

या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे असें आम्हांस वाटतें. आपल्यापैकीं कित्येकांच्या आजोबा-पणजोबांच्या वाट्यास गांवानें कोणतीं कामें दिलीं होतीं, हें या सभेंत सांगावयास नको. खेड्यांत शौचकूप वापरावयाचा नाहीं याचें एक कारण कोणी उघड बोलत नाहीं. तें असें कीं, खड्डा भरल्यावर तो उपसणार कोण? म्हणून पैसेवाला घरधनी खोलीएवढी टांकी बांधतो, ती आपल्या हयातींत भरूं नये या हिशेबानें. गरिबाला तेवढी टांकी परवडत नाहीं, म्हणून तो लहान खड्ड्याला भिऊन शेतांत जातो. आणि टांकी भरली म्हणजे शेवटीं कोणा तरी गरजू मनुष्यास आंत उतरविलें जातें. माणसाकडून मैला उपसविण्यास २०१३ च्या कायद्यानें बंदी आहे, तरी अशा टांक्यांत गुदमरून माणसें मेल्याच्या बातम्या आपण या शहरांतही वाचतों.

यावर दोन खड्ड्यांचा शौचकूप हा साधा उपाय आहे. भांडें उतरतें असतें आणि त्याच्या वांकांत पाऊण इंच पाणी राहतें, त्यामुळें दुर्गंधी व माशा वर येत नाहींत, आणि दीड-दोन लिटर पाण्यांत तें स्वच्छ होतें. मागें सुमारें तीन-चार फुटांचे दोन खड्डे, भिंती जाळीदार विटांच्या, तळ मातीचा. गिलावा मुळींच करावयाचा नाहीं, कारण पाणी जमिनींत मुरलें पाहिजे. नगरकडील काळ्या मातींत पाणी लवकर मुरत नाहीं. तेथें विटांच्या बाहेरून फूटभर वाळू-खडीचा थर द्यावा लागतो, हें गवंड्यास बजावून सांगावें. खड्डे विहिरीपासून दूर हवेत. पांच माणसांच्या घरास एक खड्डा साधारण तीन वर्षें पुरतो. तो भरला म्हणजे वाट दुसऱ्याकडे वळवावयाची आणि पहिला झांकून ठेवावयाचा. दीड-दोन वर्षांनीं उघडला तर आंत कोरडी, वास नसलेली माती मिळते, ती घरधन्यानें आपल्या फावड्यानें काढून शेतांत टाकावी. २०१७ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारचे स्वच्छताखात्याचे सचिव परमेश्वरन् अय्यर तेलंगणांतील गंगादेविपल्ली येथें स्वतः अशा खड्ड्यांत उतरले व त्यांनीं ती माती बाहेर काढिली. ज्या घरानें आपला खड्डा आपण खणला आहे, तें घर तो आपणच उपसण्यास तयार होण्याचा संभव अधिक. अनोळखी माणसांनीं खणलेला खड्डा पुन्हां अनोळखी माणसाचीच वाट पाहतो.

मग पैशावांचून गांवें उठतात का? उठलीं आहेत. २००० सालीं राज्यांत संत गाडगेबाबांच्या नांवें ग्रामस्वच्छता अभियान निघालें, तेव्हां आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री होते. आधीं काम, मग बक्षीस, अशी त्याची रीत. त्यानंतर २००२ च्या सुमारास बांगलादेशांत यशस्वी झालेली एक पद्धत नगर व नांदेड जिल्ह्यांत आणिली गेली. तींत अनुदानाचें नांव नसतें. गांवकरी एकत्र जमतात, जमिनीवर गांवाचा नकाशा काढितात, कोण कोठें जातो तें रंगीत भुकटीनें दाखवितात, आणि रोजचा मैला किती होतो व तो कोणत्या वाटेनें आपल्या पाण्यांत येतो याचा हिशेब स्वतःच मांडितात. संगमनेर तालुक्यांतील बोरबन हें या रीतीनें उघड्यावरील शौच बंद करणाऱ्या पहिल्या गांवांपैकीं एक. संगमनेरकर मंडळी येथें बसली आहेत, त्यांस तें गांव ठाऊक असेल.

तथापि, या चळवळीच्या नांवाखालीं पुढें जें झालें तें सर्वच आम्हांस मान्य नाहीं. पहांटे पथकें काढून शिट्ट्या वाजविणें, रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाईच्या हातीं गुलाबाचें फूल देणें, हा कसला धडा? ज्याला गांवठाणांत दोन हात जागा नाहीं त्याला लाजवून जागा मिळत नाहीं. बक्षिसाची कमान लागल्यावर मागें फिरलेलीं गांवेंही पुष्कळ आहेत. २०१४ पासून स्वच्छ भारत मोहिमेंत घरटी १२,००० रुपये मिळूं लागले आणि २०१८ च्या एप्रिलांत सारें राज्य उघड्यावरील शौचापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. कागद पूर्ण झाला. परंतु आपल्याच भाविकांचीं घरें आम्ही पाहिलीं आहेत. दार नाहीं, पाणी नाहीं, एकच खड्डा, तोही भरलेला.

म्हणून समितीस आमचें सांगणें एवढेंच. निधि दान म्हणून वांटूं नये. त्याचा थोडा भाग गवंड्यांना दोन खड्ड्यांचें काम शिकविण्यास लावावा, आणि बाकीचा बिनव्याजी उसना द्यावा, तोही गांवच्या बायकांच्या बचतगटामार्फत, म्हणजे फेड कोणी चुकविणार नाहीं. ज्यांस जागा नाहीं त्यांच्यासाठीं ग्रामपंचायतीकडे अर्ज करण्यास आपल्यांतील वकील मंडळींनीं मदत करावी. खणण्याचें काम घरच्यांनींच करावें. म्हातारीं व विधवा यांच्या घरीं शेजाऱ्यांनीं. फरशी नको.

नाताळास पुष्कळ मंडळी गांवीं जातील. प्रत्येकानें आपल्या भावकींतील घरांचे खड्डे किती, कसले, आणि भरल्यावर काय करितात, हें विचारून यावें. ज्यांना गवंडीकाम येतें आणि आठवडाभर रजा काढितां येईल, त्यांनीं आपलीं नांवें मिस्सा आटोपल्यावर कार्यालयांत द्यावीं.