उरलेले अठ्ठावीस टक्के



अध्यक्षानं मोजणीच्या व्यवसायाच्या भवितव्यावर बोलायचं असतं. मी भागाकारावर बोलणार आहे, कारण आपली बरीच अंदाजपत्रकं तिथंच फसतात.

फिल्मच्या जमान्यातलं, विमानातून घेतलेल्या फोटोंचं उदाहरण घ्या. फोटोची चौकट २३ सेंटिमीटरची, भिंगाचं नाभीय अंतर १५२ मिलिमीटर, विमान जमिनीपासून १,५२० मीटर उंच. प्रमाण १:१०,०००. एका फोटोत २.३ किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे ५.२९ चौरस किलोमीटर जमीन मावते. मग १० किलोमीटर लांब, १० रुंद क्षेत्राला फोटो किती? १९, असं झटकन सांगणाऱ्यानं घर कधी शाकारलेलं नसतं. कौलावर कौल चढवावं लागतं, नाहीतर पहिल्याच पावसात गळतं.

विमानाच्या एका सरळ फेरीतल्या फोटोंची एक पट्टी. तिच्यात पुढच्या फोटोवर ६० टक्के ओव्हरलॅप, शेजारच्या पट्टीवर ३०. नवी जमीन उरते ०.९२ गुणिले १.६१, जेमतेम १.४८ चौरस किलोमीटर. फोटोच्या २८ टक्के! बाकीचे वाया गेले असं हिशेबनीसाला वाटतं. पण उंची कळायची तर प्रत्येक बिंदू दोन जागांवरून दिसायला हवा. त्याला ५० टक्के कसेबसे पुरतात. वरचे दहा विमानाच्या हेलकाव्यांसाठी. शिवाय लागोपाठच्या तीन फोटोंना सामाईक पट्टा मिळतो, त्याच्या आधारानं जमिनीवर मोजलेले नियंत्रणबिंदू पुढं नेता येतात.

१.४८ नं भागलं तर ६८ येतात. तेही अपुरेच. अर्धी पट्टी उडवता येत नाही, कडा उघड्या टाकता येत नाहीत. आठ पट्ट्या, प्रत्येकीत १२ फोटो, एकूण ९६.

ओव्हरलॅपची किंमत मी पुस्तकातून नव्हे, चुकून शिकलो. सह्याद्रीच्या एका कामात मी उंची पायथ्यापासून मोजली होती. माथा ५०० मीटरनं वर. तिथं विमानाखाली १,०२० मीटरच उरले आणि फोटोत मावणारी जमीन आक्रसून १,५४३ मीटर झाली. पट्ट्यांमधलं अंतर मात्र १,६१० मीटरच! प्रिंट टेबलावर मांडल्या, तेव्हा एक पायवाट एका पट्टीच्या कडेला तुटली आणि पुढच्या पट्टीत एक अख्खा धनगरवाडा ओलांडून पुन्हा सुरू झाली. वाडा कुठल्याच फोटोत नव्हता. ६७ मीटरची फट होती ती. पुढच्या फोटोवरचा ओव्हरलॅपही ६० वरून ४० टक्क्यांवर आला होता, म्हणजे माथ्यावर जिथं फोटो होते तिथंही सलग उंची मिळेना. पुन्हा उडावं लागलं, आणि खर्च ऐकून साहेब दोन दिवस बोलले नाहीत.

आता ड्रोन आलं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाची ड्रोनमोजणी झाली, २०२० मध्ये अशाच मोजणीची स्वामित्व योजना आली. ८० आणि ७० टक्के ओव्हरलॅप ठेवला तर प्रत्येक फोटोत नवी जमीन सहाच टक्के. मुलं म्हणतात, सर, सॉफ्टवेअर सगळं करतं. करतं की! पण वेगळं सांगितलं नाही, तर ते उंची धरतं जिथून उडालात त्या जागेपासून. गावामागची टेकडी त्याच्या गावीही नसते.

म्हणून या परिषदेत मी एकच ठराव मांडतो. क्षेत्रातली सर्वांत उंच जागा आणि तिथं उरणारा ओव्हरलॅप लिहिल्याशिवाय उड्डाणाचा कोणताही आराखडा मंजूर होऊ नये. अनुमोदन तुम्ही द्यावं, ही विनंती.