पेटलेल्या नदीचा काठ

नदी पेटली असं कोणी म्हटलं तर खोटं वाटेल. पण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली कायाहोगा नदी खरंच पेटली होती. क्लीव्हलँड शहरातल्या कारखान्यांचं तेल पाण्यावर साचायचं. 22 जून 1969 ला तिने पेट घेतला, आणि ती काही पहिलीच वेळ नव्हती. दुसऱ्या दिवशी महापौर कार्ल स्टोक्स पत्रकारांना घेऊन नदीवर गेले. 1972 मध्ये देशात स्वच्छ पाण्याचा कायदा झाला.

आज त्याच नदीच्या खोऱ्यात राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे पूर्वी कालवा होता. खेचरं काठाने चालत नावा ओढायची. खेचरांची ती वाट आता माणसांची झाली आहे. उद्यानातच ती सुमारे 32 किलोमीटर आहे. लोक तिच्यावर चालतात, सायकल चालवतात, पक्षी बघतात.

गटाच्या बैठकीत हे बोललो, तेव्हा आमच्या ध्यानात आलं. आपण नदीवर जातो ते धुणं घेऊन, नाहीतर निर्माल्य टाकायला. नुसतं बसायला कधी जात नाही. काठावर कचरा, आणि बाया रिकाम्या फिरतात म्हणून लोक नावं ठेवतील ही धास्ती. पण जिथे आपण बसू, तिथे घाण टाकताना हात थांबेल.

म्हणून आम्ही ठरवलंय, महिन्यातल्या एका रविवारी सगळ्यांनी नदीवर जायचं. आधी तासभर कचरा वेचायचा, मग डबे सोडून गप्पा मारायच्या. तुमच्या गटातही हा विषय काढा.