छपाईच्या आधी एक थांबा



तुझ्या कामातलं काहीतरी सांग, असा संयोजकांचा आग्रह होता. म्हणून सगळ्यांच्या ओळखीचा विषय घेते: निकालपत्रक. हल्ली ते एक्सेलमध्ये होतं.

समजा, एका मुलाला चार विषयांत ६०, ७०, ५०, ४० गुण आहेत आणि पाचव्या विषयाचे भरायचे राहिले. एक्सेलचं ‘ॲव्हरेज’ सूत्र रिकामा सेल मोजतच नाही. सरासरी दाखवतं ५५. तिथे शून्य असतं, तर ४४ आली असती. दोन्ही आकडे खरे वाटतात. कागद छापून सही झाली की तोच आकडा मुलाच्या नावावर लागतो.

इथे मॅक्रो उपयोगी पडतो. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदाच लिहून दिलेलं काम. एक्सेलमध्ये ‘वर्कबुक बिफोर प्रिंट’ अशी सोय आहे. तिथे लिहिलेलं काम ‘प्रिंट’ म्हटल्यावर, पण कागद निघण्याआधी चालतं. रिकामा सेल सापडला तर तो पिवळा करायचा आणि ‘कॅन्सल’ला ‘ट्रू’ करून छपाई थांबवायची. व्हीबीएच्या संदेशचौकटीत देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून ‘गुण तपासा’ ही सूचना पत्रकावरच ठेवावी. मूल गैरहजर होतं की गुण चढवायचे राहिले, हे मात्र बाईंनीच ठरवायचं.

एक सावधगिरी. आज्ञेचं नाव तेच ठेवून काम बदलणं म्हणजे कसालच्या नाक्यावर ‘मालवण’ची पाटी लावून गाडी कणकवलीला पाठवणं. १९९५ मध्ये ‘कॉन्सेप्ट’ या व्हायरसने हेच केलं. वर्डमधल्या ‘सेव्ह ॲज’च्या जागी त्याने स्वतःचा मॅक्रो बसवला आणि जतन होणाऱ्या फाइलींतून तो पसरत गेला. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट २०२२ पासून आपणहून अडवतं, ते अशाच धोक्यांमुळे. म्हणून छपाईआधी काय तपासलं जातं, ते पत्रकाच्या माथ्यावर लिहा. मॅक्रो बंद असले तर आपली तपासणीही गप्प बसते, हेही लिहा.

आडवी-उभी बेरीज जुळल्याशिवाय सही करायची नाही, ही शिक्षकांची जुनी शिस्त. मॅक्रो तीच शिस्त यंत्राला शिकवतो. सहीची जबाबदारी मात्र माणसाचीच राहते.