मुली, मैदान आणि चुका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनी आरोग्य, कायदा, पाककृती अशा विषयांवर व्याख्याने होतात. यंदा चिटणीसबाईंनी मला सॉफ्टबॉलवर बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांची काही गल्लत तर झाली नाही ना, असे मला क्षणभर वाटले. एका महिला महाविद्यालयात मी बावीस वर्षे क्रीडाशिक्षिका होते, आणि निवृत्तीनंतरही संध्याकाळी मुलींना शिकवावयास मैदानावर जाते, एवढाच माझा अधिकार. नियम सांगत बसले तर तुमचे लक्ष चहाकडे लागेल. म्हणून ते थोडक्यात उरकते.

खेळ मूळचा अमेरिकेतला. 1887 साली शिकागोच्या एका क्लबात जमलेल्या तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि दालनातच बेसबॉल मांडला. त्यातून हा खेळ निघाला. नाव सॉफ्टबॉल असले तरी आजचा चेंडू मुळीच मऊ नाही. बारा इंच घेराचा, चांगला टणक असतो. एका बाजूला नऊ जणी, डाव सात. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी, त्यांना बेस म्हणतात. एका बेसपासून दुसरा 60 फुटांवर. चेंडू मारावयाचा आणि ही ठाणी घेत घेत फेरी पुरी करून घरी परतावयाचे. चेंडू टाकणारी ती पिचर. ती हात खालून फिरवून 43 फुटांवरून टाकते. ताशी 100 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत समोर येतो. फोडणीतली मोहरी उडाली की आपण हात मागे घेतो ना, तेवढाच अवकाश! त्यात तो चेंडू मारावयाचा की सोडावयाचा, हे ठरवायचे.

आता माझा खरा विषय. या खेळात चुका फार होतात. चांगली नावाजलेली बॅटर दहा वेळा उभी राहिली, तर तीन-चार वेळा तिला यश येते. उरलेल्या सहा-सात वेळा ती मान खाली घालून परत येते. आणि एखादीच्या हातून सोपा चेंडू सुटला, तर गुणलेखक तो तिच्या नावापुढे ‘एरर’ म्हणून लिहून ठेवतो. सर्वांदेखत, शाईने.

आपल्या मुलींना याची सवय नसते. भावाने पेला फोडला तर तो धांदरट, तिने फोडला तर “उद्या सासरी काय करशील?” पोळी करपली की ती चळतीच्या तळाशी घालावयाची, हे आपणच त्यांना शिकवलेले असते. अशी मुलगी सतराव्या-अठराव्या वर्षी माझ्याकडे येते. तिच्या हातून चेंडू सुटला की ती कोणाकडे पाहते? चेंडूकडे नव्हे, माझ्याकडे! मी रागावले आहे का, हे ती पाहते. तेवढ्यात समोरची मुलगी आणखी एक ठाणे घेऊन मोकळी होते.

म्हणून पहिला महिनाभर माझे शिकवणे एवढेच असते. चेंडू सुटला, चेंडूकडे पाहा. “सॉरी मॅडम” म्हणावयाचे नाही. त्याऐवजी आता चेंडू कोणत्या बेसवर फेकावयाचा, ते मोठ्याने म्हणावयाचे. सांगावयास सोपे आहे, पण काही मुलींना याला दोन-दोन महिने लागतात. नेमाने सराव केला तर झेल आणि फेक त्या मानाने लवकर येते.

एक मुलगी सांगते. तालुक्याच्या गावाहून आलेली, वसतिगृहात राहणारी. आमची कॅचर होती. वर्गात तिचा आवाज कोणी ऐकला नसेल. दुसऱ्या वर्षी ती अर्थशास्त्रात नापास झाली. वडील आले आणि म्हणाले, “खेळ बंद. खेळापायीच हे झाले.” मी काही बोलण्याआधी तिने पिशवीतून वही काढली. कोणत्या प्रश्नांत किती गुण गेले, फेरपरीक्षा कधी, आठवड्यातले कोणते तीन दिवस मैदान आणि कोणत्या दिवशी अभ्यास, सारे मांडलेले. गुणलेखक चुका मांडतो तसेच. रडणे नाही, की सबबी नाहीत. वडील विरघळले वगैरे काही झाले नाही. फेरपरीक्षेपर्यंत पाहू, एवढेच म्हणाले आणि एस.टी. गाठावयास निघून गेले. ती 52 गुणांनी सुटली. आज ती शिक्षिका आहे.

सगळ्यांचे असे होत नाही. मी पाहिलेला सर्वांत उत्तम पिचरचा हात ज्या मुलीचा, तिचे लग्न तिसऱ्या वर्षी, आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या आधी पंधरा दिवस ठरले आणि झाले. परीक्षाही राहिली. तिचा ग्लोव्ह कितीतरी दिवस माझ्या कपाटात होता. त्या घरावर माझा राग नाही, असे मी म्हणणार नाही. आहे.

अमेरिकेत तरी मुलींना हे सुखासुखी मिळाले असे समजू नका. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री म्हणून भेदभाव करता येणार नाही, हा ‘टायटल नाइन’ कायदा तेथे 1972 साली झाला. महाविद्यालयीन खेळांच्या ‘एनसीएए’ या मोठ्या संघटनेची मुलींची पहिली सॉफ्टबॉल अजिंक्यपद स्पर्धा झाली ती 1982 साली. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रशिक्षिका पॅटी गॅसो 1995 मध्ये तेथे रुजू झाल्या, तेव्हा त्यांच्या मुली गावच्या सार्वजनिक उद्यानातल्या मैदानावर खेळत. त्याच संघाने 2000 साली पहिले अजिंक्यपद मिळवले आणि पुढे 2021 ते 2024 अशी सलग चार वर्षे जिंकली. आमच्या मैदानावर लग्नाचे मांडव पडतात तेव्हा मी हे मुलींना सांगते.

तेथलीच 2008 सालची एक गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. वेस्टर्न ओरेगनची सारा टुकोल्स्की हिने सेंट्रल वॉशिंग्टनविरुद्ध आयुष्यातला पहिला होमरन मारला, म्हणजे चेंडू कुंपणापार. दोघी आधीच ठाण्यांवर होत्या. आनंदाच्या भरात हिचा पहिल्या बेसला पाय लावावयाचाच राहिला. चूक ध्यानात येऊन ती गर्रकन वळली आणि तिचा गुडघाच गेला. सरपटत ती कशीबशी बेसपर्यंत आली. तिच्या संघातल्या कोणी हात लावला तर ती बाद, असे पंचांनी सांगितले. तेव्हा प्रतिपक्षाची मॅलरी होल्टमन पुढे झाली आणि “आम्ही उचलून नेले तर?” असे विचारले. नियम आड येत नव्हता. ती आणि लिझ वॉलेस यांनी साराला उचलले, प्रत्येक ठाण्याशी वाकून तिचा पाय हळूच टेकवला आणि तिला घरी पोहोचवले. त्या सामन्यात सेंट्रल वॉशिंग्टन 4–2 असे हरले. पंचांचाही नियमाचा अर्थ चुकला होता. बदली खेळाडूला ती फेरी पुरी करता आली असती, हे मागाहून कळले. म्हणजे त्या दिवशी चुकले किती जण, पाहा!

गुडघ्यावरून आठवले. तरुण मुलींच्या गुडघ्याचे स्नायुबंध मुलांपेक्षा अधिक वेळा दुखावतात. उडी मारून उतरताना गुडघे आत वळू न देता वाकवणे, मांड्यांचे स्नायू बळकट करणे, हे आम्ही सरावाआधी रोज करून घेतो. मुली कंटाळतात, मी सोडत नाही.

पण काही गोष्टी मैदानावर होत नाहीत. त्या तुमच्या हातात आहेत. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 57 जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. दोन तास धावणारी मुलगी घरी जाऊन सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवत असेल, तर मी कितीही शिकवले तरी ती चौथ्या डावात दमणारच. सरावाआधी शेंगदाणे-गूळ किंवा पोळी-उसळ, आणि नंतर पोटभर जेवण, एवढे पुरे. डबाबंद पावडरी आणू नका. दुसरे, मुली पाणी पीत नाहीत. का, ते पुरुषांना सांगावे लागते, तुम्हांला नको. मैदानाजवळ स्वच्छतागृह हवे म्हणून आम्ही अर्ज केला आहे. त्यावर मंडळाच्या सह्या असाव्यात, असे मला फार वाटते. मासिक पाळीत खेळू द्यावे का, असे आया हळूच विचारतात. मुलीला बरे वाटत असेल तर खेळू द्यावे, नसेल तर बसू द्यावे. ठरवू द्या तिलाच.

तिसरी गोष्ट वेळेची. साडेचार ते साडेसहा, हे दोन तास. नेमके याच वेळी घरी पाहुणे येतात, दळण आणावयाचे असते, धाकट्याला क्लासला सोडावयाचे असते. घरातल्या दुसऱ्या कोणाला ते दळण आणता येते का, एवढे एकदा पाहा.

“पुढे काय उपयोग?” असेही विचारतात. सॉफ्टबॉल 1996 साली ऑलिंपिकमध्ये आला, 2008 नंतर गेला, टोकियोला 2021 मध्ये परतला, पुन्हा गेला, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पुन्हा घेतला गेला आहे. आमच्या मुली तेथे जातील असे स्वप्न मी कोणाला विकत नाही. काहींना विद्यापीठाच्या संघात जागा मिळते, क्वचित नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागेचा लाभ होतो. बहुतेकींना यातले काहीच मिळत नाही आणि त्या तरीही येतात.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आमचा सामना आहे. सावलीत बसावयास सतरंज्या घातलेल्या असतील. अवश्य या. फक्त एक विनंती आहे. तुमच्या मुलीच्या हातून चेंडू सुटला तर “अगं, काय हे!” असे ओरडू नका. त्या आवाजाने ती वळून तुमच्याकडे पाहील, आणि चेंडू मागे गवतात पडलेला असेल.