मार्लेश्वरला जायचं ते संक्रांतीला



पाऊस लागला की कोकणातल्या देवरुखच्या पुढे मोटारींची रीघ लागते. बरेचसे निघालेले असतात मार्लेश्वरला. खरं म्हणजे तिथल्या धबधब्याला. देव वाटेतच आहे, म्हणून जाता जाता हात जोडायचे. माझं म्हणणं वेगळं आहे. हा धबधबा पाहायचा तर मकरसंक्रांतीला पाहावा.

तेव्हा धार बारीक झालेली असते, हे कबूल. जुलैत हाच धारेश्वर धबधबा असा कोसळतो, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. माथ्यावर चांदोलीचं जंगल, खाली बाव नदी. पण संक्रांतीला इथं लग्न असतं! नवरदेव मार्लेश्वर, नवरी साखरप्याची गिरिजादेवी. तिची पालखी साखरप्याहून निघते, देवाची आंगवलीच्या मठातून, आणि यजमानपण देवरुखच्या व्याडेश्वराकडे. मुलगी पाहणं, मागणी घालणं, पत्रिका जुळवणं, मानपान... काही म्हणून सुटत नाही. विधी लिंगायत पद्धतीनं होतात आणि अक्षता टाकायला सगळी पंचक्रोशी लोटते. वधूवर दरवर्षी तेच. तरी पत्रिका जुळेपर्यंत मंडळी कान टवकारून असतात.

मग गुहेतल्या देवळात जावं. चारशे-पाचशे पायऱ्या चढल्या, की दाराशी वाकावं लागतं. आत विजेचा दिवा नाही, फक्त समया. आधी काहीच दिसत नाही. नाकाला तेलाचा, ओल्या दगडाचा वास येतो. डोळे सरावले, की पिंड दिसते, आणि नशिबात असेल तर कपारीत सरकणारं एखादं चकचकीत अंगही. इथले साप कुणाला चावत नाहीत, असं गावकरी सांगतात. माझा त्यांच्यावर विश्वास आहे, पण कपारीत मी हात घालत नाही.

धबधब्याची वाटही याच देवळाशी येऊन मिळते. म्हणजे आपण पाहुणे आहोत, तेही लग्नघरचे. तिथं बाटल्या फोडायच्या नाहीत, हे काय सांगायला हवं?

पावसातच यायचं असेल तर जरूर या, पण डोहात उतरू नका. डोंगरमाथ्यावर कोसळलेली सर खाली कळत नाही; तिचं पाणी मात्र बघता बघता येऊन पोचतं. गुहेत मोबाईलचा दिवा लावू नका. आणि जानेवारीत सवड काढा: देवरुखहून अंतर जेमतेम 18 किलोमीटर, एसटीची सोय आहे, आणि या लग्नाला आमंत्रणपत्रिका लागत नाही.