पत्त्यांची वही नव्या संगणकात



आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, "आम्ही आत्ता कुठं अक्षरं जुळवायला लागलो, अन् तुम्ही संगणकाचं काय सांगताय?" पण संगणक आता गावात आला आहे. ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात आहे, दूध डेअरीत आहे, एखाद्या बचत गटाच्या खोलीतही आहे. तो चालवणारी तुमचीच पोरं आणि सुना आहेत. त्यात आपलं काय ठेवलेलं आहे, हे घरच्या जाणत्या माणसाला कळायला नको का?

ई-मेल म्हणजे संगणकावरून धाडलेली चिठ्ठी. टपालाच्या चिठ्ठीवर आपण नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहितो. त्यात काना-मात्रा चुकली तरी पोस्टमन समजून घेतो. ई-मेलच्या पत्त्यात तसं चालत नाही. आधी नाव, मग शेपूट गुंडाळलेल्या 'ए'सारखी एक खूण, आणि मग टपालपेटी ज्या कंपनीकडे आहे तिचं नाव. त्या खुणेला 'ॲट' म्हणतात. रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १९७१ साली ती ई-मेलसाठी निवडली, आणि आजही जगभर तीच चालते. या पत्त्यात एक अक्षर चुकलं की चिठ्ठी परत येते, नाहीतर भलत्याच माणसाला जाते. म्हणून असले पत्ते कुणी पाठ करत बसत नाही. संगणकातच त्यांची वही असते. तिला 'कॉन्टॅक्ट' म्हणतात.

आता ही वही हरवली तर काय होईल?

आपल्या भूम भागातला खवा आणि कुंथलगिरीचा पेढा लांबवर जातो. समजा, खवा करणाऱ्या बायांचा एक गट आहे. पुण्याचे, सोलापूरचे, हैदराबादचे हलवाई त्यांच्याकडे ई-मेलने मागणी नोंदवतात. पाच-सहा वर्षांत दीडशे पत्ते जमले. दसरा-दिवाळीच्या आधी त्या सगळ्यांना भाव कळवायचा असतो. अन् नेमका तेव्हाच संगणक बंद पडला! खवा काही थांबत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. संगणक पैसे टाकले की नवा मिळतो, पण ते दीडशे पत्ते दुकानात विकत मिळत नाहीत.

सध्या पुष्कळ ठिकाणी संगणक बदलायची वेळ आली आहे, त्याला एक कारण आहे. बऱ्याच जुन्या संगणकांत 'विंडोज १०' आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, पण चोरांसाठी हळूहळू दार किलकिलं होत जातं. म्हणून लोक नवा घेतात. घ्यावा. मात्र जुना चालू आहे तोवरच वही हलवून घ्यावी. तो मेल्यावर आतलं काढायला कारागीर पैसे मागतो, आणि दर वेळी निघतंच असं नाही.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा : आपली वही आहे कुठे?

काहींची वही कंपनीच्या घरी असते. जीमेलवाल्यांचं तसंच आहे. आपला संगणक ही नुसती खिडकी. नव्या संगणकावर बसायचं, आपलं खातं उघडायचं, की सगळे पत्ते समोर हजर. इथं हलवायचं काही नाही. फक्त खात्याचा पासवर्ड ठाऊक हवा, आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. पुष्कळदा खातं पोरानं काढलेलं असतं, पोरगं पुण्याला गेलेलं असतं, आणि नंबर कधीचा बंद झालेला असतो. हे आजच तपासा.

काहींची वही मात्र खुद्द संगणकाच्या पोटात असते. आऊटलूक, थंडरबर्ड असे कार्यक्रम असतात. त्यांत पत्ते ठेवले असतील तर ते बहुतेक त्याच यंत्रात पडून असतात. इथं खरं काम आहे.

यात दोन शब्द लक्षात ठेवा. 'एक्सपोर्ट' म्हणजे माल बाहेर धाडणे. 'इम्पोर्ट' म्हणजे माल आत घेणे. व्यापारातलेच शब्द आहेत. जुन्या संगणकावर पत्त्यांच्या वहीत जाऊन 'एक्सपोर्ट' करायचं. संगणक त्या साऱ्या पत्त्यांची एक फाईल बांधून देतो, जसं गाठोडं. ते गाठोडं पेन ड्राईव्हवर घ्यायचं, नव्या संगणकाला लावायचं, आणि तिथं 'इम्पोर्ट' करायचं. काम अर्ध्या तासाचं आहे.

गाठोडी दोन जातींची. एकाला 'सीएसव्ही' म्हणतात. त्यात एका माणसाची एक ओळ असते. नाव, स्वल्पविराम, पत्ता, स्वल्पविराम, नंबर, अशी. दुसऱ्याला 'व्हीकार्ड' म्हणतात. त्यात प्रत्येक माणसाचं वेगळं कार्ड असतं. मोबाईलला व्हीकार्ड सोयीचं, आऊटलूकला सीएसव्ही सोयीचं. दोन्ही काढून ठेवली तर बिघडत नाही.

आता आपल्या मराठी माणसाची खरी अडचण सांगतो, कारण दुकानदार ती सांगत नाही. आपण नावं देवनागरीत लिहितो. 'पाटील मामा, नळदुर्ग' असं लिहिलं, आणि नव्या संगणकात उघडलं तर नुसती प्रश्नचिन्हं! नाव गेलं. असं का होतं? संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, हे आधी ठरलेलं असावं लागतं. जगातल्या लिप्यांसाठी असा एक सामाईक ठराव झाला, त्याला 'युनिकोड' म्हणतात. १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत आपली देवनागरी त्यात आली. म्हणून फाईल काढताना 'यूटीएफ-८' हे नाव दिसलं तर तेच निवडायचं. ते युनिकोडचंच रूप आहे. त्यात मराठी शाबूत राहतं.

त्याआधीचे जुने टंक वापरून कुणी नावं लिहिली असतील, तर गोष्ट वेगळी. त्यांत आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठी मुखवटा. नव्या संगणकात तो टंक नसला की मुखवटा गळतो आणि भलतंच काहीतरी दिसतं. घाबरू नका, नाव पुसलेलं नसतं. ते युनिकोडमध्ये बदलून देणारे कार्यक्रम मिळतात. सेवा केंद्रातल्या माणसाला सांगा.

आणखी एक खोड. सीएसव्ही फाईल बघावी म्हणून पोरं ती एक्सेलमध्ये उघडतात. एक्सेलला वाटतं, मोबाईल नंबर म्हणजे हिशेबाची रक्कम. मग तो सुरुवातीचं शून्य खातो. मागे ९१ लावून बारा आकड्यांचा नंबर असेल तर तो आखडून भलत्याच रूपात दाखवतो. तसंच जतन केलं की नंबर कायमचा मोडला. फाईल उघडून बघायची असेल तर तिची दुसरी प्रत करून बघा. मूळ गाठोड्याची गाठ सोडू नका.

गटाच्या आक्का म्हणतात, "अगं सूनबाई, नावाचं पहिलं अक्षर मारलं की अख्खा पत्ता आपोआप येतोय की! संगणकाला समदं ठाव हाय."

सूनबाई म्हणते, "न्हाई आक्का. त्यो पत्ता वहीत लिवलेला नसतोय. आपण मागं एकदा चिठ्ठी धाडली व्हती, म्हणून त्याला आठवतोय. गाठोडं बांधताना त्यो मागंच ऱ्हातो."

सूनबाईचं बरोबर आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी, धाडलेल्या चिठ्ठ्या चाळा, आणि जे पत्ते वहीत नाहीत ते वहीत घाला. तसंच 'सोलापूरचे हलवाई', 'पुण्याचे हलवाई' असे एकत्र गट केले असतील, तर आऊटलूकच्या सीएसव्हीत ते येत नाहीत. ते नव्या ठिकाणी पुन्हा करावे लागतात.

वही नव्या घरी पोचली की मोजणी करा. जुनीत दीडशे, तर नवीत दीडशे हवेत. एकशे साठ झाले तर काही जोडीनं आले आहेत. आपल्या जिल्ह्यात याला एक खास कारणही आहे. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. एकच कचेरी कुणी जुन्या नावानं लिहिली, कुणी नव्या नावानं. जोडी दिसली की पुसायची घाई नको. कोणता पत्ता चालू आहे ते आधी विचारा, मग दुसरा पुसा.

नंतर दोघींनी बसावं. एकीनं जुना पत्ता अक्षर-अक्षर वाचावा, दुसरीनं नव्यावर बोट ठेवावं. इंग्रजी येत नसलं तरी आकार जुळतात का हे डोळ्यांना कळतं. दीडशे जमले नाहीत तर निदान वीस तरी ताडून पाहा. मग चार ओळखीच्या गिऱ्हाइकांना एकेक चिठ्ठी धाडा, आणि उत्तर येतं का बघा.

दुसरी प्रत कशाला ठेवायची, हे आपल्या जिल्ह्याला समजायला अवघड नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. चार वाजायच्या सुमाराला भूकंप झाला, आणि लातूरकडची किल्लारी, आपल्याकडची सास्तूर अशी कितीतरी गावं ढासळली. हजारो माणसं गेली. घराबरोबर घरातले कागदही दगडमातीखाली गेले. पण जमिनीचा उतारा घरात एक असला, तरी मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरी असते. पत्त्यांचंही तसंच करा. एक प्रत संगणकात, एक पेन ड्राईव्हवर. तो पेन ड्राईव्ह संगणकाच्याच कपाटात ठेवू नका. दुसऱ्या सभासदाच्या घरी ठेवा. आणि सगळे पत्ते एकदा कागदावर छापून घ्या. कागदाला वीज लागत नाही.

आता जुन्या संगणकाचं. तो लगेच भंगारात घालू नका. महिनाभर बाजूला ठेवा. काही राहून गेलं असेल तर सापडेल. मग त्यातली माहिती जाणत्या माणसाकडून पुरती पुसून घ्या. आपण दुसऱ्यांचे पत्ते सांभाळतो आहोत. ते चोराच्या हाती लागले, तर तो आपल्याच नावानं हलवायाला लिहील, "खात्याचा नंबर बदलला आहे, पैसे या नव्या खात्यावर टाका." हलवाई टाकील, आणि माल मात्र आपल्याकडे मागेल. म्हणून फाईल सेवा केंद्राच्या संगणकावर उघडली असेल, तर उठताना तिथून पुसा. 'कचऱ्याच्या डब्यात' टाकलेली फाईल तिथंच पडून असते, तो डबाही रिकामा करा.

छापलेल्या कागदाच्या पहिल्या पानावर तारीख घाला, आणि काम करणारीची सही घ्या. सहा महिन्यांनी गटाच्या बैठकीत पुन्हा प्रत काढाल, तेव्हा मधल्या काळात कोणते पत्ते नवे आले, हे त्या तारखेवरून लागेल.